घोड्याचा पाय आणि स्वाराचे मरण

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला प्रागवरचा प्रवासलेख आवडीने वाचला. पूल, बिअर, जुने घड्याळ, सगळे छान उतरले आहे. वेन्सेस्लास या चेक संत-राज्यकर्त्याच्या नावाच्या चौकात त्याच्याच अश्वारूढ पुतळ्यापाशी मात्र लेखकमहाशयांनी ठोकून दिले आहे की, ‘घोड्याचा पुढचा एक पाय वर उचललेला आहे, याचा अर्थ स्वार लढाईतल्या जखमांनी मरण पावला.’ दोन पाय वर असतील तर रणात मरण, एक वर असेल तर जखमांनी, चारही जमिनीवर असतील तर अंथरुणात, ही भाकडकथा आपल्याकडेही प्रत्येक सहलीतला गाइड सांगतो आणि शिवजयंतीच्या सुमारास ती मोबाइलवरून घरोघर पोहोचते. शिल्पकारांनी असा नियम कधी पाळलेला नाही.

दूर कशाला, प्रागमध्येच पाहा. वेन्सेस्लासला त्याच्या भावाच्या माणसांनी स्तारा बोलेस्लाव्ह गावच्या देवळाच्या दारात ठार मारले. तो सरळसरळ खून होता, लढाईचा संबंध नाही. प्रागमध्येच विटकोव्ह टेकडीवर यान झिश्काचा पुतळा आहे: नऊ मीटर उंच, साडेसोळा टन वजनाचा. त्याही घोड्याचा पुढचा एक पाय वर आहे. आणि झिश्का, दोन्ही डोळे गेल्यावरही फौज चालवणारा हा सेनापती, १४२४ साली वेढ्याच्या छावणीत आजारपणाने गेला. मग आता कुठला नियम लावायचा?

मी आयुष्यभर घोड्यांचा डॉक्टर होतो, आधी फौजेत आणि मग शर्यतीच्या तबेल्यांत. घोडा कदमचालीने चालतो तेव्हा एकेक पाय उचलतो. कुठल्याही क्षणी त्याचे दोन किंवा तीन पाय जमिनीवर असतात. चालता घोडा दाखवायचा आणि धातूचे वजनही पेलायचे, तर तीन पाय टेकलेले आणि एक उचललेला ही सर्वांत सोयीची अवस्था. दोन्ही पुढचे पाय हवेत घेतले की सगळा भार मागच्या दोन पायांवर येतो आणि बहुधा शेपटीचा टेकू घ्यावा लागतो. पाय किती उचलायचे हे वजनाच्या हिशेबाने ठरते. त्यात स्वाराचा मृत्युदाखला कुठून येणार?

लेखात नसलेली गोष्ट म्हणजे वेन्सेस्लासच्या शिल्पकाराचे नाव. योसेफ वात्स्लाव मिसल्बेक (१८४८–१९२२). पुतळ्यासाठीची स्पर्धा १८९४ ची. घोडा चौथऱ्यावर चढला १९१२ मध्ये. भोवतीच्या चार संतांपैकी शेवटचा बसला १९२४ साली, म्हणजे मिसल्बेकच्या मृत्यूनंतर. एवढ्या वर्षांत आराखडे कितीदा तरी बदलले. घोड्यासाठी त्याने समोर उभा केला तो आर्दो नावाचा फौजी वळू घोडा. पुतळ्याखाली उभे राहिलात तर हे पटते. मान कमानीसारखी वळलेली, पण तोंड लगामाने ओढून धरलेले वाटत नाही. उचललेल्या पायाचा गुडघा आणि त्याखालचा घोटा खऱ्या घोड्यात वाकतात तसेच वाकले आहेत. पुतळ्यांत हे सांधे नेहमी चुकतात. कित्येक ठिकाणी घोड्याला माणसाचा गुडघा बसवलेला मी पाहिला आहे. प्रागचे लोक एकमेकांना भेटायचे ठिकाण सांगताना ‘घोड्यापाशी’ म्हणतात, थोडे वाह्यात असले तर ‘शेपटीखाली’. संताचे नाव कोणी घेत नाही! चौकाचे जुने नावही घोडेबाजार. राजा चौथ्या चार्ल्सने १३४८ मध्ये वसवलेला हा बाजार १८४८ पर्यंत त्याच नावाने ओळखला जाई. तिथला आधीचा, बेंडल या शिल्पकाराने घडवलेला वेन्सेस्लास १८७९ साली प्रागमधल्याच विशेहराड किल्ल्यावर हलवण्यात आला.

झिश्काचा शिल्पकार बोहुमिल काफ्का. (लेखक काफ्काशी गल्लत नको.) काम हाती घेतले १९३१ मध्ये, पण मध्येच जर्मनांनी देश बळकावला. काफ्का १९४२ मध्ये वारला आणि पुतळ्याचे अनावरण झाले १९५० साली. आपला घोडा टेकडीवर चढलेला त्याने पाहिलाच नाही.

लेखात प्रागच्या लुत्सेर्ना इमारतीच्या घुमटाखाली उलट्या टांगलेल्या घोड्याला ‘संताची विटंबना’ म्हटले आहे. शिल्पकार डाविड चेर्नीचे हे १९९९ चे काम. चारही पाय वर बांधलेले, मान खाली लोंबलेली, जीभ बाहेर. आणि पोटावर वेन्सेस्लास ऐटीत बसलेला. सगळे म्हणतात घोडा मेलेला आहे. असेलही. मला मात्र तो पाहताक्षणी शस्त्रक्रियेचा दिवस आठवला. पोटशूळ झालेला घोडा भूल देऊन टेबलावर घ्यायचा तर चारही पायांना घोट्याखाली पट्टे बांधून त्याला कप्पीने असाच उलटा उचलतात. श्वासाची नळी घालताना जीभ बाजूला ओढलेली असते, ती तशीच लोंबत राहते. एरवी अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर) बांधूनही न आवरणारे साडेचारशे-पाचशे किलोंचे जनावर तेवढा वेळ पोत्यासारखे हलते आणि मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, तोंड फिरवतो. चेर्नीने ते कधी पाहिले होते की नाही, मला ठाऊक नाही. पण मानेचे ते लोंबणे अगदी बरोबर साधले आहे. खालून माणसे कॉफीचे पेले घेऊन जात होती, वर बघायचीही नाहीत. विटंबना झाली असेल तर ती वर बसलेल्याची, घोड्याची नाही.

ज्यांना घोड्यांचीच चित्रे पाहायची हौस आहे, त्यांनी चेक चित्रकार एमिल कोटर्बा (१९१२–१९८३) हे नाव लक्षात ठेवावे. मुद्राचित्रे आणि रंगचित्रे, दोन्हींत घोडा हाच त्याचा मुख्य विषय. आणि हाताशी वेळ असेल तर एल्बे नदीकाठचे क्लाद्रुबी गाठावे. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या काळापासून, १५७९ पासून, तिथे दरबारी बग्ग्यांसाठी घोडे पैदा करतात. युनेस्कोने २०१९ मध्ये त्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पायांच्या नियमाबद्दल आपण पुढच्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती. आणि पुतळ्याचा फोटो छापाल तेव्हा खाली शिल्पकाराचे नाव घालावे. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या फोटोंखालीसुद्धा.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य, वानवडी, पुणे