वही वाळवणाऱ्या ताईंचे आभार

परवा वाचनालयात पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं आणि दप्तरातली माझी वही चिंब भिजली. दोन वर्षांचं लिखाण होतं त्यात: भांडणं, नापास झाल्याचा दिवस, अर्धवट कविता. घाबरून मी चिकटलेली पानं ओढायलाच लागले.

"ओढू नकोस गं, फाटतील," काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. त्यांनी वही हलक्या हातानं घेतली, दर काही पानांनंतर कोरा टिपकागद सरकवला, वही उभी करून पंख्यासमोर ठेवली. ऊन नको, पानं वेडीवाकडी होतात, असंही सांगितलं. मग स्वतःचं काम सांभाळत दुपारभर मधूनमधून येऊन ओले कागद बदलत राहिल्या.

एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. कागद सरकवताना त्या मान वळवून खिडकीबाहेर बघत होत्या, नुसत्या बोटांनी चाचपत. माझं एक अक्षरही त्यांनी वाचलं नाही.

बॉलपेननं लिहिलेलं सगळं शाबूत राहिलं. शाईच्या पेनाची चार पानं मात्र निळी झाली. (त्यातल्या कविता तशा फार बऱ्या नव्हत्याच!)

ताई, गडबडीत तुमचं नावही विचारलं नाही. मनापासून आभार. वही आता जरा फुगलीय, पण रोज लिहितेय.