ब्रेकचं दुखणं शोधून देणाऱ्यांचे आभार

आमच्या डिझेल मोटरहोमच्या (आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या) पुढच्या चाकाची करकर ऐकून ज्यांनी ज्यांनी डोकं लावलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं कुणाचीच ठाऊक नाहीत, म्हणून हे असं जाहीरपणे.

गॅरेजवाल्याने चाक न काढताच चारही डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या तबकड्या), पॅड (त्यांना दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या), कॅलिपर (पॅड दाबणारे चिमटे) असा भलामोठा खर्च ऐकवला होता. तुमच्यापैकी एकाने साधा प्रश्न विचारला: आवाज ब्रेक दाबल्यावर येतो, की सोडल्यावरही? सोडल्यावर येत होता, दाबला की थांबत होता! दुसऱ्याने सांगितलं, थोडं चालवून दोन्ही चाकांची धग ताडून बघा, पण हात लावू नका, नुसता जवळ धरा. डावं चाक भट्टीसारखं तापलेलं. उघडलं तर आतला पॅड पार झिजलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. कॅलिपर ज्यावर मागेपुढे सरकतो, ती स्लाइड पिन गंजून अडकली होती. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे व्हायचंच.

डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, आधी मोजा आणि मग बदला, असं सांगणाऱ्या काकांचे विशेष आभार. मोजली, भरपूर जाडी शिल्लक होती. नव्या पिना, उष्णता सोसणारं ग्रीस आणि पॅड एवढ्यावर भागलं. आधीच्या आकड्यापुढे ही रक्कम किरकोळच. ‘गाडी वजनदार आहे, पॅड दोन्ही बाजूंचे बदला, तिथे काटकसर नको’ असं बजावणाऱ्या ताईंचंही ऐकलं.