सॅचेल पेज यांचे निवृत्तिवेतन

महोदय,

वर्णभेदामुळे ऐन उमेदीत अमेरिकेच्या मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेची दारे ज्यांना बंद होती, ते कृष्णवर्णीय बेसबॉल पिचर (चेंडू फेकणारे खेळाडू) सॅचेल पेज १९४८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, क्लीव्हलँड संघातून तेथे प्रथम खेळले. १९६५ मध्ये एकोणसाठाव्या वर्षी त्यांनी बोस्टनविरुद्ध तीन डावांत एकही धाव दिली नाही, हा पराक्रम थक्क करणारा आहेच. परंतु निवृत्तिवेतनासाठी आवश्यक सेवाकाळ पूर्ण व्हावा म्हणून अटलांटा ब्रेव्हज संघाने १९६८ मध्ये त्यांना करारबद्ध केले, ते मला अधिक मोलाचे वाटते. १९७१ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले. त्यांचा सन्मान कृष्णवर्णीय खेळाडूंसाठीच्या वेगळ्या दालनात करण्याचा आधीचा बेत टीकेनंतर सोडून द्यावा लागला, हे न्याय्यच झाले.

– एक क्रीडाप्रेमी वाचक