निवड सतराव्या वर्षी, नियम मात्र त्यानंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलपटूंना आता उघडपणे पैसे मिळू लागल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात, तेव्हा ‘खेळाचा बाजार झाला’ असाच त्यांचा सूर बहुधा असतो. तो मला पटत नाही. ज्यांच्या खेळावर विद्यापीठे, प्रशिक्षक आणि दूरचित्रवाणी वाहिन्या वर्षानुवर्षे कमावत आल्या, त्या मुलांना त्यातला वाटा मिळणे न्याय्यच आहे. मला खुपते ते हे, की गेल्या वीस वर्षांत तिथले नियम इतक्या वेळा आणि इतक्या आकस्मिकपणे बदलले, की शाळा संपताना वाट निवडणाऱ्या मुलाला आपल्या निर्णयाचे परिणाम आधी नीट कळणे अशक्यच होऊन बसले.

केव्हिन गार्नेट १९९५ मध्ये, कोबी ब्रायंट १९९६ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये गेले. पुढे २००५ मध्ये एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या करारानुसार, ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेच्या, वर्षात वय १९ पूर्ण होणे आणि अमेरिकी खेळाडूच्या बाबतीत शाळा सुटून एक वर्ष उलटलेले असणे बंधनकारक झाले. त्यामुळे अव्वल खेळाडू एका हंगामापुरते कॉलेजात येऊ लागले, आणि त्यांना मिळवण्यासाठी बूट कंपन्या, मध्यस्थ आणि प्रशिक्षक यांच्यात पडद्याआड जे व्यवहार चालत, ते २०१७ मध्ये एफबीआयच्या तपासातून चव्हाट्यावर आले. त्यानंतर नेमलेल्या माजी परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राईस यांच्या आयोगाने २०१८ मध्ये ही वयाची अट काढण्याची शिफारस केली. अट आजही कायम आहे.

अट काढण्याऐवजी एनबीएने त्याच वर्षी आपल्या जी लीगमध्ये, म्हणजे नवे खेळाडू घडवण्यासाठी चालवल्या जाणाऱ्या दुय्यम लीगमध्ये, निवडक अठरा वर्षांच्या मुलांना सव्वा लाख डॉलरचा करार देऊ केला. २०२० मध्ये तर अशा मुलांसाठी ‘इग्नाइट’ नावाचा स्वतंत्र संघच उभा राहिला. जेलन ग्रीन त्यात सर्वप्रथम दाखल झाला आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. पंजाबचा प्रिन्सपाल सिंग हाही पहिल्या हंगामात याच संघात होता, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. २०२१ मध्ये अटलांटात ‘ओव्हरटाइम एलिट’ ही खासगी लीग सुरू झाली. तिथे तर शाळकरी वयाच्या खेळाडूंना वर्षाला किमान एक लाख डॉलर मिळू लागले. मात्र असा पगार घेतला की कॉलेज बास्केटबॉलचे दार कायमचे बंद, असेच तेव्हा सर्वजण धरून चालत होते. मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी सही केली ती हे गृहीत धरूनच.

आणि नेमक्या त्याच सुमारास पायाखालची जमीन सरकली. जून २०२१ मध्ये खेळाडूंनी दाखल केलेल्या अल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या संघटनेच्या, विरोधात एकमताने निकाल दिला आणि १ जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. कॉलेजात राहूनही पैसा मिळतो, प्रेक्षक मिळतात, मार्च महिन्यातील राष्ट्रीय स्पर्धेचे व्यासपीठ मिळते, असे झाल्यावर इग्नाइटला फारसे प्रयोजनच उरले नाही आणि २०२३-२४ च्या हंगामानंतर एनबीएने तो संघ बंद केला. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या ‘हाउस’ खटल्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. एकेकाळी पगार घेतला म्हणून अपात्र ठरण्याची धास्ती असे, आणि आज मोठ्या विद्यापीठातील चांगल्या खेळाडूला जी लीगच्या साध्या करारापेक्षा कितीतरी अधिक पैसे मिळतात.

याची पुढची पायरी २०२५ मध्येच दिसली. इग्नाइटकडून खेळलेले थिअरी डार्लन आणि लंडन जॉन्सन हे जी लीगमधले खेळाडू अनुक्रमे सँटा क्लारा आणि लुइव्हिल या विद्यापीठांकडे वळले. त्यांना ही संधी मिळाली याचा मला आनंदच आहे. युरोपातील व्यावसायिक क्लबांत वाढलेल्या मुलांना कॉलेजात प्रवेश मिळत असताना अमेरिकेतल्याच लीगमध्ये खेळलेल्यांना तो नाकारणे अन्यायाचेच होते. परंतु दार बंद आहे असे समजून ज्यांनी त्याआधी कॉलेजचा विचारच सोडला आणि ज्यांची वर्षे आता निघून गेली, त्यांची भरपाई कोण करणार?

दुसरा फटका शाळेतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या सर्वसाधारण मुलाला बसतो, आणि त्याच्याविषयी फारच कमी लिहिले जाते. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, हंगाम न गमावता विद्यापीठ बदलता येऊ लागले. करोनामुळे मिळालेल्या कॉलेजकडून खेळण्याच्या जादा वर्षाने अनेक संघांत तेवीस-चोवीस वर्षांचे खेळाडू टिकून राहिले. जिंकण्याचे दडपण असलेला प्रशिक्षक अशा वेळी तयार, अनुभवी खेळाडू घेतो. दोन वर्षे घडवावा लागेल असा अठरा वर्षांचा मुलगा त्याला परवडत नाही. शालेय खेळाडूंच्या क्रमवारीत पहिल्या पंचवीस-तीसांत नाव असलेल्यांना याची झळ नाही. पूर्वी जो मुलगा मध्यम दर्जाच्या विद्यापीठात चार वर्षे शिकून, हळूहळू वर येऊन पदवी घेत असे, त्याचीच जागा आक्रसली आहे.

माझ्या मते एनसीएए आणि एनबीए यांनी एकत्र बसून किमान दोन गोष्टी ठरवायला हव्यात. कॉलेजकडून खेळण्याच्या पात्रतेचा कोणताही नवा नियम शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या तुकडीपासूनच लागू व्हावा. आधीच निवड केलेल्या मुलांना जुना किंवा नवा, जो हिताचा असेल तो नियम मिळावा. आणि जी लीग असो वा परदेशी क्लब, व्यावसायिक खेळाचा एक हंगाम म्हणजे कॉलेजातील पात्रतेचा एक हंगाम कमी, असा सरळ हिशेब सर्वांसाठी असावा. हे प्रश्न न्यायालयांतून एकेका खेळाडूच्या नावावर सुटत राहिले, तर ज्याच्याकडे वकील आहे त्यालाच न्याय मिळेल.

नागपुरात शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवताना उंच मुलाचे पालक मला अमेरिकेविषयी विचारतात, म्हणून एक मुद्दा त्यांच्यासाठी. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला काम करून पैसे मिळवण्यावर कडक बंधने असतात. त्यामुळे वर सांगितलेली कमाई भारतीय खेळाडूला सहजासहजी मिळेल असे कोणी धरून चालू नये. इथल्या एखाद्या व्यावसायिक लीगचा करार समोर आला, तर पात्रतेवरील परिणामाची लेखी विचारणा संबंधित विद्यापीठाकडे केल्याशिवाय त्यावर सही करू नये. आपल्या क्रीडा पानावर या नियमांची अद्ययावत माहिती दर हंगामाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली, तर अशा पालकांना तिचा फार उपयोग होईल.

आपला,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक, नागपूर