प्रिंटरविषयी

नागपूर, मे महिन्याचा दुसरा आठवडा

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू डोळ्यांचा नंबर पुन्हा वाढल्याचे जाता जाता सांगितलेस आणि त्याच दमात व्हायोलिनचे नोटेशन छापण्यासाठी कोणता प्रिंटर घ्यावा, असे विचारलेस. पहिल्या गोष्टीवर मी रागावलो आणि दुसरीचे उत्तर राहून गेले. त्याबद्दल तुझ्या आईने मला संध्याकाळभर ऐकवले. म्हणून आज प्रिंटरविषयीच लिहितो, डोळ्यांचा विषय काढत नाही.

शाईचा प्रिंटर मुळीच घेऊ नकोस. आपल्याकडच्या जुन्या प्रिंटरची शाई फवारणारी नोझल उन्हाळ्यात महिनाभर न वापरताच वाळून बसायची आणि निघालेले पान कूलरसमोर ठेवले की शाई फुटून नोटेशनच्या पाच रेघांची एक जाड पट्टी व्हायची, हे तू पाहिले आहेस. काळा-पांढरा लेसर घे. टोनर ही कोरडी भुकटी असते आणि ती उष्णतेने कागदावर वितळून बसते, त्यामुळे घामेजल्या बोटाने पान उलटले तरी सूर पुसला जात नाही. 600 डीपीआय, म्हणजे इंचाला 600 ठिपके, पुरेसे आहे. मात्र टोनर वाचवण्याची सोय बंद ठेव, कारण तिच्यामुळे बारीक रेघा तुटक दिसतात आणि तुझ्या नंबरला तर... असो.

तुझ्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्स आहे, तेव्हा खोक्यावरच्या किमतीपेक्षा यंत्राला कोणती भाषा कळते हे आधी पाहा. लिनक्समध्ये छपाईचे काम 'कप्स' ही प्रणाली करते; ती 1999 पासून आहे. ज्या प्रिंटरला आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट या सर्वसामान्य छपाईभाषा समजतात, तो तिला सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय सापडतो. पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी जुनी भाषा समजणाराही चालेल. अगदी स्वस्त यंत्रे पुष्कळदा आपल्या कंपनीचीच बोली बोलतात आणि तिचा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी असतो. मी सीताबर्डीच्या दुकानात लॅपटॉप घेऊन गेलो होतो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, लिनक्सवर कोण प्रिंट काढतं?" तूही तसाच नेऊन दुकानातच एक पान छापून पाहा.

ते पान पीडीएफ असू दे आणि छापताना 'फिट टू पेज' नको, शंभर टक्केच ठेव, नाही तर रेघा आणखी बारीक होतात. लिलीपाँड या तुझ्या नोटेशन मांडण्याच्या प्रोग्राममध्ये पाच रेघांची उंची मुळात 20 पॉइंट, म्हणजे सुमारे 7 मिलिमीटर असते. ती 23 केलीस तर 8 मिलिमीटर होईल. पाने वाढतील, वाढू देत. कागद जाडसर, 100 जीएसएमचा (चौरस मीटरला 100 ग्रॅम) घे, म्हणजे मागच्या बाजूचे सूर पुढे दिसणार नाहीत. हे सारे डोळ्यांसाठीच चालले आहे, हे तुझ्या लक्षात आले असेलच.

मी तरी कोणत्या तोंडाने सांगू? महालातल्या छापखान्यात 40 वॉटच्या दिव्याखाली 8 पॉइंटचे छपाईचे खिळे (सुटी अक्षरे) जुळवताना मी कधी कोणाचे ऐकले नाही. तू पाच वर्षांची असताना माझ्या खिळ्यांच्या खणांच्या पेटीजवळ स्टुलावर बसून उलटा 'ळ' ओळखायचीस आणि फोरमनकाका सगळ्यांना बोलावून दाखवायचे. आता त्या पाच रेघांवरचे ठिपके तू वाचतेस आणि मला त्यातले ओ की ठो कळत नाही. तरी डिसेंबरमध्ये तू वाजवत होतीस, तेव्हा मी शेवटच्या रांगेत उभाच होतो. तू पानाकडे किती वाकली होतीस, हेही तिथूनच दिसले. उपदेश फार झाला, रागावू नकोस.

पैशांची काळजी करू नकोस, आत्याकडचे परत आले आहेत. यंत्र आले की पहिले छापलेले पान टपालाने पाठव. रेघा कुठे तुटतात का, ते मी भिंगाखाली पाहतो. आणि डॉक्टरांनी दिलेल्या चष्म्याच्या कागदाची प्रतही त्याच पाकिटात घाल.

तुझे बाबा