मुलाखतीनंतरची विचारणा : बडोद्याहून मित्रास पत्र

बडोदे,
कार्तिक शुद्ध नवमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. इथल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यात मुलाखत देऊन तीन आठवडे झाले, ‘आठ दिवसांत कळवतो’ असे सांगूनही निरोप नाही, आणि आता आपणहून विचारले तर ती लाचारी दिसेल का, असा तुझा प्रश्न आहे. माझी नोकरी अशाच एका कारखान्याच्या कार्मिक विभागात, म्हणजे टेबलाच्या पलीकडे, झालेली असल्यामुळे खात्रीने सांगतो, की अवश्य विचार. मात्र निकाल विचारू नकोस, तारीख विचार. ‘माझी निवड झाली का?’ याचे उत्तर देण्याचा अधिकार फोन उचलणाऱ्याला बहुधा नसतो, म्हणून तो ‘कळवतो’ म्हणून मोकळा होतो. ‘निर्णय साधारण केव्हापर्यंत होईल?’ याचे उत्तर तो देऊ शकतो, आणि त्याने एकदा तारीख सांगितली, की ती उलटल्यावर पुन्हा विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण उरत नाही.

तू नाशकात बसून दिवस मोजतो आहेस, पण ते आठ दिवस संपता संपता दिवाळी आली. इकडे पाडव्याला गुजराती नवे वर्ष लागते आणि कितीतरी पेढ्या व लहान कारखाने लाभपंचमीचा मुहूर्त करूनच उघडतात. दुसऱ्याच दिवशी छठ असते. त्यासाठी गावी गेलेले उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगार परतेपर्यंत, ज्या साहेबांची सही तुझ्या कागदावर हवी ते स्वतःच मशीनवर माणसे कुठून आणावीत या विवंचनेत असतात. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, तर १४ आणि १५ जानेवारीला सारे शहर गच्चीवर असते, तेव्हा कचेरीत कोणी भेटेल ही आशाच नको. मार्चअखेरचे कारण निराळे : नव्या जागेचा खर्च नव्या आर्थिक वर्षात दाखवायचा म्हणून तयार नेमणूकपत्रसुद्धा १ एप्रिलपर्यंत अडवून ठेवलेले असू शकते.

आणखी एक कारण आहे, जे तुला कोणी सांगणार नाही. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला पत्र गेलेले असते, तो दोन-तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडमधून सुटण्यासाठी जुन्या मालकाशी घासाघीस करीत असतो, आणि तोवर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला हो म्हणता येत नाही व नाही म्हणणे परवडत नाही. पुष्कळदा जुनी कंपनी पगार वाढवून त्याला ठेवून घेते. मग घाईघाईने दुसऱ्याची फाइल काढली जाते, आणि ज्याचा सभ्य ई-मेल नुकताच येऊन गेलेला असतो त्याचे नाव आधी आठवते. यात न्याय किती, हा प्रश्न वेगळा.

तेव्हा ज्या ई-मेलने तुला मुलाखतीला बोलावले त्यालाच उत्तर लिही, म्हणजे मागचा सगळा पत्रव्यवहार एकत्र दिसेल. पदाचे नाव, मुलाखतीची तारीख, त्यांनी सांगितलेली मुदत आणि तुझा एक प्रश्न, एवढे चार-पाच ओळींत पुरे. काही नवे सांगण्यासारखे असेल तर तेवढे जोड. हायड्रॉलिक प्रेसबद्दलच्या ज्या प्रश्नाचे उत्तर अर्धवट राहिले असे तू लिहितोस, त्याचे नेमके उत्तर दोन वाक्यांत दिलेस तर ते साहेबांपर्यंत पुढे पाठवायला कार्मिकवाल्यालाही निमित्त मिळेल. तीन-चार कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही, तर सकाळच्या शिफ्टची गडबड ओसरल्यावर, अकराच्या पुढे, एकदा फोन कर. रात्री साहेबांच्या व्हॉट्सअॅपवर ‘सर, काही अपडेट?’ असे मात्र लिहू नकोस. तो प्रकार मला मुळीच आवडत नाही. नोकरीला माणसे पुरवणाऱ्या कन्सल्टंटमार्फत गेला असतास तर आधी त्यालाच विचार असे म्हटले असते, कारण तू रुजू झाल्याशिवाय सहसा त्याची फी निघत नाही.

तुमच्या नाशकातल्या अंबडच्या कंपनीचे नेमणूकपत्र खरोखर हातात आले, तर त्यावरील मुदत मकरपुऱ्याच्या कारखान्याला स्पष्ट कळव. तशा बातमीने अडकलेली सही सुटते. पत्र नसताना तसे भासवू नकोस, कारण प्रत मागितली तर तिथेच सारे संपेल.

बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत केलेल्या अर्जाची गोष्ट वेगळी. ती रिफायनरी केंद्रीय सार्वजनिक उपक्रमाची असल्याने तिथे ओळखीच्या माणसाला फोन करण्यापेक्षा संकेतस्थळावरील सूचना पाहाव्यात, आणि फारच काळ लोटला तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून भरती कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारावे. साधारणतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. खाजगी कारखान्याला हा कायदा सहसा लागू होत नाही, तिथे सौजन्यावरच भागवावे लागते.

ई-मेलचा मसुदा आधी मला पाठव, मी पाहून परत करीन. पुढच्या सोमवारपर्यंत कामगार बरेचसे परतलेले असतील, त्यानंतरच तो धाड. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बडोद्याचा मित्र