इलेक्ट्रिकलवाल्यांचा पहिला अध्यक्ष डॉक्टर होता!

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

अभियंता दिनाच्या पुरवणीत 'एडिसनने इलेक्ट्रिकल इंजिनीअर्सची संस्था काढली' असं एका ओळीत उरकलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. एडिसन होता, पण उपाध्यक्ष, आणि तोही एकटा नाही, ग्रॅहम बेलपण उपाध्यक्षच. मे १८८४ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनीअर्स सुरू झाली तेव्हा अध्यक्ष झाला नॉर्व्हिन ग्रीन, हा माणूस शिक्षणाने चक्क डॉक्टर, नाडी बघणारा, आणि त्या वेळी वेस्टर्न युनियन या तार कंपनीचा प्रेसिडेंट. आता हसू येईल, पण विजेवर पोट भरणारे तेव्हा बहुतेक तारवालेच, एमआयटीत इलेक्ट्रिकलचा कोर्स १८८२ला निघालेला, डिग्रीवाले आणायचे कुठून?

बरं, घाई कशाची, तर त्याच साली फिलाडेल्फियाला फ्रँकलिन इन्स्टिट्यूट विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवणार होती. परदेशातली मोठमोठी मंडळी येणार आणि त्यांचं स्वागत करायला देशाची एक संस्था नाही, म्हणजे लाजच की, असं पुढाकार घेणाऱ्या नॅथॅनियल कीथ वगैरेंनी संस्था काढायच्या आवाहनात सरळ म्हटलेलं. इंग्रजांची तार इंजिनीअर्सची सोसायटी १८७१पासून होती ना. थोडक्यात पाव्हणे यायच्या आत घर सारवून घेतलं!

पण खरी मजा ऑक्टोबरमधल्या पहिल्या बैठकीत. एडविन ह्यूस्टन या फिलाडेल्फियाच्या विज्ञान शिक्षकाने एडिसनच्या एका बल्बवर पेपर वाचला. आत फिलामेंटजवळ, पण त्याला न टेकलेली प्लॅटिनमची पट्टी, मधे नुसती पोकळी, तरी पट्टी फिलामेंटच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडली की गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा सरकतो, निगेटिव्हला जोडली तर फारच कमी. असं का होतं ते ह्यूस्टनलाही सांगता येईना, येणार कसं, इलेक्ट्रॉन सापडायलाच अजून तेरा वर्षं होती. ह्याच करामतीवरून इंग्लंडच्या जॉन अँब्रोज फ्लेमिंगने १९०४ला व्हॉल्व्ह, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा बल्बसारखा दिवा, केला, व्हॉल्व्हवर रेडिओ वाढला, आणि गंमत बघा, रेडिओवाल्यांनी १९१२ला वेगळी चूल मांडली, इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनीअर्स! दोघं परत एका घरात नांदायला १९६३ उजाडलं, आणि तीच ही आय-ट्रिपल-ई (IEEE), इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची संस्था, जिची मेंबरशिप आपली इंजिनीअरिंगची पोरं रेझ्युमेत लिहितात.

आपला,
एक रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनीअर, सांगली